कोरड्या नळीतले यश आणि ओला धूर

‘प्रदूषण रोखणारा नवा उत्प्रेरक भारतीय शास्त्रज्ञांनी विकसित केला’ अशा आशयाची बातमी दर काही महिन्यांनी आपल्यापर्यंत पोहोचते. बातमीत एक आकडा हमखास असतो: नव्वद टक्के, पंचाण्णव टक्के, क्वचित शंभर टक्के. शेवटी ‘हे तंत्रज्ञान लवकरच उद्योगांना उपलब्ध होईल’ असे वाक्यही असते. अशी बातमी वाचली की मला मनापासून आनंद होतो आणि पाठोपाठ एक प्रश्न पडतो. ज्या वायूवर ही चाचणी झाली, त्यात पाण्याची वाफ होती का?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु माझे मत असे आहे की नायट्रोजन ऑक्साइडे नष्ट करणाऱ्या उत्प्रेरकांच्या बाबतीत आपल्या देशाची गाडी या एका प्रश्नापाशी अडलेली आहे. विद्यार्थी मित्रमैत्रिणींनी तो समजून घ्यावा, एवढ्यासाठी हे लेखन.

प्रथम मूळ समस्या पाहू. हवेतील नायट्रोजन स्वभावतः शांत आहे. मात्र इंजिनाच्या किंवा भट्टीच्या ज्वालेत तापमान सुमारे १,५०० अंश सेल्सिअसच्या वर गेले की तोही ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि नायट्रिक ऑक्साइड तयार होते. रशियन भौतिकशास्त्रज्ञ याकोव झेल्दोविच यांनी १९४०च्या दशकात ही प्रक्रिया उलगडून दाखवली. इंधन कोळसा असेल, तर कोळशातील नायट्रोजनची त्यात भर पडते. ही ऑक्साइडे हवेत मिसळली की सूर्यप्रकाशात जमिनीलगतचा ओझोन निर्माण होतो आणि अमोनियाशी संयोग होऊन नायट्रेटचे सूक्ष्म कण बनतात. हिवाळ्यात उत्तर भारतावर पसरणाऱ्या धुरक्यात या कणांचाही वाटा असतो. म्हणजे जे प्रदूषण आपण धूळ म्हणून मोजतो, त्यातील काही भाग चिमणीतून वायुरूपानेच बाहेर पडलेला असतो.

गंमत अशी की नायट्रिक ऑक्साइडचे पुन्हा नायट्रोजन आणि ऑक्सिजन होणे हा ऊर्जेच्या दृष्टीने उताराचा प्रवास आहे. पण वाटेत मोठा घाट आहे. तो ओलांडून देण्यासाठी उत्प्रेरक लागतो आणि बहुधा ऑक्सिजन काढून घेणारा एखादा मदतनीस रेणूही लागतो.

आज जगभर हा मदतनीस म्हणजे अमोनिया. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि ट्रक-बसचालकांच्या बोलण्यात ‘डीईएफ’ हा शब्द रुळला. हे म्हणजे ३२.५ टक्के युरियाचे पाण्यातील द्रावण. गरम धुरात त्याची फवारणी होते, युरियापासून अमोनिया सुटतो आणि उत्प्रेरकावर तो नायट्रोजन ऑक्साइडांचे रूपांतर नायट्रोजन व पाणी यांत करतो. पद्धत उत्तम आहे आणि सिद्धही झालेली आहे.

आता या अमोनियाची वंशावळ पाहा. भारतात तो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून, म्हणजे मिथेनपासून बनतो. मिथेनमधून हायड्रोजन काढायचा, त्यात कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हायड्रोजन आणि नायट्रोजन यांचा प्रचंड दाबाखाली संयोग घडवून अमोनिया करायचा. त्याचा युरिया करायचा. तो शुद्ध करून पाण्यात विरघळवायचा. डब्यांत भरून देशभर पोहोचवायचा आणि शेवटी पुन्हा त्याचा अमोनिया करायचा. शिवाय हा युरिया शेतकऱ्याच्या युरियाचा सख्खा भाऊ. शेतीसाठी ४५ किलोची गोणी २४२ रुपयांच्या अनुदानित दराने मिळते आणि अशी स्वस्त गोणी उद्योगांकडे वळवण्याचा मोह जुना आहे. २०१५ मध्ये देशात बनणाऱ्या सर्व शेतीच्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचे लेपन सक्तीचे झाले, त्यामागे हेही एक कारण होते.

मग सरळ प्रश्न असा की मुळात मिथेनच हाताशी असेल, तर हा एवढा वळसा कशाला? मिथेन स्वतःच नायट्रिक ऑक्साइडमधील ऑक्सिजन काढून घेऊ शकणार नाही का?

घेऊ शकतो. १९९२ मध्ये अमेरिकेतील एअर प्रॉडक्ट्स या कंपनीतील युएजिन ली आणि जॉन आर्मर यांनी कोबाल्टयुक्त झिओलाइटवर हे करून दाखवले. हिशेब सुटसुटीत आहे. नायट्रिक ऑक्साइडचे दोन रेणू, मिथेनचा एक आणि ऑक्सिजनचा एक यांपासून नायट्रोजनचा एक, कार्बन डायऑक्साइडचा एक आणि पाण्याचे दोन रेणू मिळतात. युरिया नाही, वेगळी टाकी नाही. नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या इंजिनात तर थोडा न जळलेला मिथेन धुरातच असतो.

हे किती विलक्षण आहे, ते गर्दीच्या हिशेबाने कळते. वायूवर चालणाऱ्या, जास्त हवा घेणाऱ्या इंजिनाच्या धुरात नायट्रिक ऑक्साइड समजा ५०० पीपीएम आहे आणि ऑक्सिजन १० टक्के. म्हणजे नायट्रिक ऑक्साइडच्या प्रत्येक रेणूमागे ऑक्सिजनचे २०० रेणू उभे आहेत. मिथेनने या २०० जणांना ओलांडून नेमका तो एकच गाठायचा आहे. तांबेयुक्त झिओलाइट इतर हायड्रोकार्बनांबरोबर चांगले काम करते, पण मिथेन दिला तर तो ऑक्सिजनबरोबर जळून जातो आणि नायट्रिक ऑक्साइड तसेच राहते. कोबाल्ट, इंडियम, गॅलियम, पॅलॅडियम यांच्या बाबतीत, तेही योग्य मांडणी असेल तरच, मिथेन ही निवड करू शकतो.

‘योग्य मांडणी’ या शब्दांत झिओलाइटचे सारे महत्त्व आले. झिओलाइट म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांची जाळीदार इमारत. तिच्यातील दालनांची दारे रेणूंच्या आकाराची असतात. १९७२ मध्ये मोबिल कंपनीने पेटंट घेतलेल्या झेडएसएम-५ या झिओलाइटची दारे सुमारे ०.५५ नॅनोमीटर रुंद आहेत. सिलिकॉनच्या जागी जेथे ॲल्युमिनियम येते, तेथे एक ऋण प्रभार उरतो. अशा दोन जागा जवळजवळ असतील, तर त्यांच्यात कोबाल्टचा एक द्विधन आयन एकटाच बसतो. हे एकटे असणे महत्त्वाचे आहे. कोबाल्टचे अणू एकत्र येऊन ऑक्साइडचे पुंजके झाले, की ते मिथेन सरळ जाळू लागतात. धातू तोच, वजन तेच, पण शेजार बदलला की वर्तन बदलते. माझ्यासारखा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी या रसायनाकडे ओढला गेला, तो यामुळेच.

आपल्या वाचकांना झिओलाइट तसे परके नाही. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइट यांचे जे स्फटिक सापडतात, ती नैसर्गिक झिओलाइटेच. एकोणिसाव्या शतकात बोरघाटातून लोहमार्ग नेताना ती मोठ्या प्रमाणावर उघडी पडली आणि जगभरच्या संग्रहालयांत गेली. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ती आजही पाहता येतात. उत्प्रेरकासाठी वापरतात ती झिओलाइटे कारखान्यात घडवलेली असतात, पण कुळ एकच. या कुळाचे नाव १७५६ मध्ये स्वीडनचे खनिजशास्त्रज्ञ क्रोनस्टेट यांनी ठेवले. दगड तापवताच तो उकळल्यासारखा फसफसला, म्हणून ग्रीक भाषेतून ‘उकळणारा दगड’. फसफसण्याचे कारण होते दगडाच्या दालनांत साठलेले पाणी.

पाण्याची ओढ या पदार्थाच्या नावातच आहे. तरीही आपण ती विसरतो. मीही विसरलो होतो.

डॉक्टरेटनंतरच्या पहिल्या वर्षी मी झिओलाइटमधील कोबाल्टवर मिथेन कसा तुटतो, याची संगणकीय गणिते करत होतो. मिथेन हा हट्टी रेणू आहे. चारही बाजूंनी सममित, विद्युत् द्विध्रुव नाही, कार्बन-हायड्रोजनचा पहिला बंध तोडायला मोलमागे सुमारे ४३९ किलोज्यूल ऊर्जा हवी. या अभिक्रियेत सर्वांत संथ पायरी तीच, हे मिथेनमधील हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम घालून इतरांनी पूर्वीच दाखवले होते. ड्युटेरियम घातले की वेग मंदावतो. कोबाल्टवर आधी नायट्रोजन डायऑक्साइड बसवले, तर मिथेनचा हायड्रोजन ओढून घेणे पुष्कळ सोपे होते, असे माझ्या आकड्यांत दिसत होते. आलेख सुरेख होता. एका परिसंवादात मी तो मोठ्या उत्साहाने मांडला.

व्याख्यान संपल्यावर एक ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञ बाई उठल्या. त्यांची उमेद कारखान्यातील उत्प्रेरकांबरोबर गेली होती. त्या शांतपणे म्हणाल्या, “गणित छान आहे तुमचं. पण यात पाणी कुठे आहे?”

पाणी नव्हते. मिथेन जळताना एका रेणूमागे पाण्याचे दोन रेणू बनतात, हे शाळेत शिकलेला मी, धुराचे गणित कोरड्या वायूत मांडत होतो. नैसर्गिक वायू जितका पाहिजे तितक्याच हवेत जाळला, तर धुरात जवळजवळ १९ टक्के वाफ असते. जास्त हवेत जाळला तरी १० टक्क्यांच्या आसपास. मी परत येऊन गणितात पाण्याचा एक रेणू घातला. कोबाल्टला तो मिथेनपेक्षा कितीतरी अधिक घट्ट धरून बसला. पाहुण्यासाठी राखलेला पाट पाण्याने अडवला होता.

पुढचा भाग सांगायला अवघड आहे. आमच्या प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष चाचणी केली. कोरड्या वायूत रूपांतरण उत्तम आले. वाफ सोडताच ते निम्म्याहून खाली घसरले. शोधनिबंधात कोरड्या वायूचा आलेख पहिल्या पानांत गेला आणि वाफेचा आलेख पुरवणीत. परीक्षकांनी त्याबद्दल विचारले नाही. प्रसिद्धीपत्रकात पुरवणीचा उल्लेख नव्हता. सुरुवातीला ज्या बातमीचे वर्णन केले, तशी एक बातमी आमचीही होती. तिच्यात असत्य एकही नव्हते. तरी ती वाचून उत्प्रेरक तयार झाला असे ज्याला वाटले, त्याची दिशाभूल झाली होती आणि त्यात माझी सहीही होती.

हे आमच्यापुरते असते तर लिहिलेही नसते. या क्षेत्राचा तीस वर्षांहून अधिक काळचा इतिहासच याची साक्ष देतो. मिथेनची अभिक्रिया साधारणतः ४०० ते ५०० अंशांना चालते. त्या तापमानाला वाफ आयनांच्या जागा अडवते आणि दीर्घकाळात जाळीतील ॲल्युमिनियमच उपटून काढते. ॲल्युमिनियम गेले की कोबाल्टचे घर गेले. एकटे आयन एकत्र येतात आणि पुंजके बनतात. त्यात गंधकाची ऑक्साइडे असली, तर जागा कायमच्या विषारल्या जातात. म्हणूनच इतकी निर्दोष दिसणारी अभिक्रिया आजही प्रामुख्याने शोधनिबंधांतच राहते.

उलट उदाहरणही आहे आणि ते अधिक बोधक आहे. अमोनियाच्या पद्धतीत तांबेयुक्त झेडएसएम-५ सुरुवातीला चमकले, पण गरम वाफेत ते टिकेना. १९८०च्या दशकात शेव्हरॉन कंपनीत स्टेसी झोन्स यांनी घडवलेले एसएसझेड-१३ हे लहान दारांचे झिओलाइट तेव्हापासून उपलब्ध होते. त्यात तांबे घालून ८०० अंशांच्या वाफेत तासन्‌तास ठेवले तरी त्याची जाळी बहुतांशी शाबूत राहते, हे लक्षात आले आणि २०१०च्या सुमारास ते डिझेल वाहनांत दाखल झाले. त्याला स्पर्धेत पुढे नेले ते प्रामुख्याने वाफेत टिकण्याच्या गुणाने. मिथेनच्या पद्धतीला तिचे एसएसझेड-१३ अजून सापडायचे आहे, आणि ते कोरड्या नळीत शोधून सापडणार नाही.

याचा राष्ट्रीय धोरणाशी काय संबंध? थेट संबंध आहे. पर्यावरण मंत्रालयाने ७ डिसेंबर २०१५ रोजी औष्णिक वीजकेंद्रांसाठी मर्यादा अधिसूचित केल्या. नायट्रोजन ऑक्साइडांसाठी २००३ अखेरपर्यंतच्या संचांना घनमीटरमागे ६०० मिलिग्रॅम, २००४ ते २०१६ दरम्यानच्यांना ३०० आणि त्यानंतरच्यांना १००. मधल्या गटाची मर्यादा २०२० मध्ये ४५० पर्यंत शिथिल करण्यात आली. शिथिलीकरणाच्या बाजूने मांडले गेलेले तांत्रिक मुद्दे पोकळ नव्हते. कमी भारावर चालणाऱ्या संचांत ३००ची मर्यादा टिकत नव्हती. आपल्या कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते आणि अशा राखेचा मारा परदेशी कोळशासाठी घडवलेल्या उत्प्रेरकांना झिजवतो. पण मग प्रश्न उरतो की आपल्या राखेत टिकणारा उत्प्रेरक घडवण्याचे काम कोणाचे होते? मानक शिथिल होते, तेव्हा ती एका अर्थी संशोधनाचीही हार असते. धूर श्वासात घेणाऱ्याला शिथिलीकरणाचा पर्याय नसतो.

येथे स्पष्ट सांगितले पाहिजे की मिथेनची पद्धत कोळशाच्या वीजकेंद्रांसाठी नाही. तेथे गंधक आहे, राख आहे आणि मिथेन बाहेरून आणावा लागेल. प्रवासी सीएनजी गाड्यांनाही तिची गरज नाही. तेथील त्रिमार्गी उत्प्रेरक आपले काम करतो. तिची खरी जागा म्हणजे वायूवर चालणारी मोठी स्थिर इंजिने, जनित्रे आणि टर्बाइने. देशाच्या ऊर्जेत नैसर्गिक वायूचा वाटा २०३० पर्यंत १५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट सरकारने जाहीर केले आहे. त्या वाटेवर थोडे जरी पुढे गेलो, तरी अशा इंजिनांची संख्या वाढेल.

एक गंभीर आक्षेपही आहे. मिथेन हा स्वतः हरितगृह वायू आहे. वजनास वजन धरले तर शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे तीसपट आणि वीस वर्षांच्या हिशेबात ऐंशीपटीहून अधिक तापदायक. नायट्रोजन ऑक्साइडे घालवण्यासाठी मिथेन सोडला आणि त्यातील काही तसाच निसटला, तर एक पाप धुताना दुसरे पदरी पडेल. आक्षेप मला पूर्णतः मान्य आहे. म्हणूनच ज्या इंजिनातून मिथेन आधीच निसटतो, तेथेच या पद्धतीचा विचार व्हावा. तेथे यशस्वी उत्प्रेरक दोन्ही प्रदूषके एकत्र कमी करेल. आणि निसटलेला मिथेन किती, हा आकडा प्रत्येक अहवालात असलाच पाहिजे.

काही सहकारी म्हणतील की मूलभूत संशोधन कोरड्या, शुद्ध वायूतच सुरू करावे लागते. एका वेळी एकच चल बदलायचा असतो. खरे आहे. मीही आजपर्यंत तेच करतो. इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांनी कोबाल्ट एकटा आहे की पुंजक्यात, हे शोधताना शुद्ध नमुनाच लागतो. माझी तक्रार कोरड्या वायूत सुरुवात करण्याबद्दल नाही. तेथेच थांबून यशाची घोषणा करण्याबद्दल आहे.

थांबण्याचे कारण शास्त्रज्ञांचा आळस, असेही मी म्हणणार नाही. आपण संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ०.६४ टक्के खर्च करतो. तीन वर्षांच्या प्रकल्पात विद्यार्थ्याला प्रबंध पूर्ण करायचा असतो, आणि हजार तासांची वाफेतील चाचणी म्हणजे सहा आठवडे अखंड चालणारे यंत्र, अखंड वीज आणि शेवटी बहुधा अपयशाचा एक आलेख. तो आलेख कोणते नियतकालिक छापणार? जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधन, विकास आणि नवोन्मेषासाठी एक लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली. स्वागतार्ह पाऊल आहे. पण ती तंत्रज्ञानाच्या सिद्धतेच्या चौथ्या पायरीपासून पुढच्या कामांसाठी आहे. शोधनिबंध आणि ती चौथी पायरी यांमधल्या दरीतच आपले बहुतेक उत्प्रेरक पडून असतात.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली, सार्वजनिक निधीतून होणाऱ्या अशा प्रत्येक प्रकल्पाच्या अहवालात कोरड्या आकड्याशेजारी वाफेतील आकडा, गंधकासह आकडा आणि निदान काही शे तासांनंतरचा आकडा बंधनकारक असावा. दुसरी, प्रत्यक्ष धुरावर चाचणी करण्याची एक सामाईक राष्ट्रीय सोय असावी. झिओलाइटचा दीर्घ अनुभव पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेकडे आहे, इंजिनांच्या चाचण्या पुण्यातच एआरएआय करते, पर्यावरणीय मापनाची परंपरा नागपूरच्या नीरीकडे आहे आणि इंधनांचा अभ्यास डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत होतो. घटक हजर आहेत. त्यांना जोडणारा धूर हवा आहे. तिसरी, प्रसिद्धीपत्रक लिहिणाऱ्या संस्थांनी चाचणी कोणत्या वायूत झाली, हे एका वाक्यात सांगावे. एवढे एक वाक्य खर्चिक नाही.

विद्यार्थ्यांना मात्र यांपैकी कशाचीही वाट पाहावी लागणार नाही. पुढच्या वेळी अशी बातमी आली की मूळ शोधनिबंध उघडा आणि पाहा: वाफ किती टक्के होती? ऑक्सिजन किती होता? गंधक होते का? चाचणी किती तास चालली? मिथेन किती निसटला? उत्तरे सापडली नाहीत तर लेखकांना नम्रपणे पत्र लिहा. आम्हा संशोधकांना अशी पत्रे फार कमी येतात. मला एक प्रश्न विचारला गेला, तोही व्याख्यान संपल्यावर, आणि माझ्या कामाची दिशा बदलली. सध्या मी लहान दारांच्या झिओलाइटात कोबाल्टभोवती पाण्याचे किती रेणू जमतात, हे मोजतो आहे. आलेख अजून सुरेख नाही. पण या वेळी वाफ पहिल्या पानावर आहे.